सलूहामावशीचा फरारी गुडघा

एक्केचाळीस गुडघ्यांपैकी चाळिसांचा पत्ता लागला होता. एकच फरार होता, आणि त्या एकापायी डॉक्टर रशाद घोर्बेलची भूक मेली होती, झोप उडाली होती आणि बायकोशी धड दोन शब्द बोलणंही बंद झालं होतं. बायको म्हणे, बरंच झालं, नाहीतरी गेली तीन वर्षं हा माणूस गुडघ्यांखेरीज बोलतोय काय!

गोष्ट वीस वर्षांपूर्वीची. तेव्हा स्फाक्सच्या इस्पितळात झिजलेला गुडघा काढून धातूचा बसवायचा, तर तो हाडाला सिमेंट लावून चिकटवत. सगळेच चिकटवत. रशाद तेव्हा सत्तेचाळीसचा, डोक्यावर केस आणि डोक्यात वारं. त्यानं ठरवलं, सिमेंट नको. धातूची पाठ खरखरीत ठेवायची, हाडात नेमकी जागा कोरायची, घट्ट ठोकून बसवायचा आणि बाकीचं हाडावर सोपवायचं. हाड जिवंत असतं, ते वाढतं, त्या खरखरीत पाठीच्या भोकाभोकांत शिरतं आणि धातूला धरून ठेवतं. निदान रशादचं म्हणणं तसं होतं. बरोबरीचे डॉक्टर त्याला 'सुतार' म्हणायला लागले. "काय सुतार, आज किती खिळे ठोकले?" असं भर जेवणात विचारत. रशाद म्हणायचा, "टिकतात की नाही ते वीस वर्षांनी सांगतो."

बोलायला काय जातं! बघता बघता वीस वर्षं झालीसुद्धा. येत्या गुरुवारी राजधानीत, ट्यूनिसला, देशभरातले हाडांचे डॉक्टर जमणार होते आणि रशादला त्यांच्यापुढे उभं राहून सांगायचं होतं. एक्केचाळीसपैकी तेवीस जण धडधाकट गुडघा घेऊन कबरीत गेले. पंधरा जण आजही चालतायत. दोघांचा सैल झाला, तो काढावा लागला. आणि एक सापडत नाही.

"मग 'एक सापडत नाही' असं सांगा की, सर," एमना म्हणाली. डॉक्टर एमना ही रशादची विद्यार्थिनी, आता त्याच्याच खुर्चीत बसलेली विभागप्रमुख, आणि तिच्या जिभेला मात्र हाड नव्हतं. "जगात सगळ्यांच्याच यादीतले दोनचार हरवतात."

"ही हरवून चालायचं नाही."

ही म्हणजे सलूहामावशी. स्फाक्ससमोरच्या केर्केन्ना बेटांवरची, कोळ्याची विधवा. ऑपरेशनच्या वेळी त्रेसष्टची होती, अंगानं भारी, हाडं पावासारखी भुसभुशीत. टेबलावर तिचं हाड उघडं पडलं आणि रशादचा हात थांबला. असलं हाड काय धरणार! नर्सनं न सांगता सिमेंट कालवून पुढे केलं. ते कालवलं की काही मिनिटांत आवळतं, मग त्याचा दगड होतो. रशाद वाटीकडे बघत राहिला, हाडाकडे बघत राहिला, आणि "नको" म्हणाला. सिमेंट वाटीतच दगड झालं. त्या दिवसापासून तो एकच हिशेब करत आला. हिचा टिकला तर आपलं म्हणणं खरं. हिचा सुटला असेल, तर बाकीचे केवळ नशिबानं तगले म्हणायचे.

चौदा वर्षं ती दरसाल न चुकता गुडघ्याचा क्ष-किरणांचा फोटो काढायला आली. येताना वाळवलेला ऑक्टोपस घेऊन यायची, अख्ख्या वॉर्डाला वास सुटायचा. पंधराव्या वर्षापासून एकदम गुप्त! रशादनं पत्र पाठवलं, ते परत आलं. वर शेरा: 'सदर बाई लिबियाला गेल्या.' दुसरं परत आलं: 'सदर बाई फ्रान्सला गेल्या.' तिसऱ्याला उत्तर म्हणून नुसताच ऑक्टोपस आला. फोन केला तर एक घोगरा बायकी आवाज "राँग नंबर" म्हणाला आणि मागाहून "अल्ला तुला सुखी ठेवो, डॉक्टर" असंही म्हणाला.

आता एक आतली गोष्ट. खुद्द रशादचा उजवा गुडघा तीन वर्षांपासून कामातून गेला होता. जिना चढताना तो कठड्याशी झोंबायचा, मशिदीत खुर्ची मागायचा. एमना दर सोमवारी म्हणायची, "टेबल रिकामं आहे, सर." रशाद म्हणायचा, "ती परिषद होऊन जाऊ दे." परिषद हे निमित्त. माणूस घाबरला होता. स्वप्नात त्याला क्ष-किरणांचा फोटो दिसे आणि त्यात हाड नि धातू यांच्या मधोमध एक काळी रेघ. सैल झालेल्या गुडघ्याची खूण ती. फोटो कधी सलूहाचा असे, कधी त्याचा स्वतःचा.

तर मंगळवारी सकाळी, जुने फोटो बगलेत मारून, रशाद आणि एमना केर्केन्नाच्या बोटीत बसले.

क्राटन गावात मबरूकचं घर शोधायला वेळ लागला नाही. मबरूक हा सलूहाचा थोरला, पंचावन्न वर्षांचा कोळी, दाराएवढा रुंद. दारातच उभा राहिला.

"आई नाही."

"कुठे गेली?"

"लिबियाला."

"फ्रान्सला ना?" रशाद म्हणाला.

मबरूकनं जरा विचार केला. "लिबियामार्गे."

त्याच्या खांद्यावरून आत दिसत होतं. चटईवर चहाचे दोन पेले, दोन्हींतून वाफ, आणि एका भाकरीचा नुकताच तोडलेला तुकडा. रशाद तोंड उघडणार इतक्यात मागच्या खिडकीतून त्याला लाल शाल दिसली. शालीच्या आत एक भरगच्च म्हातारी होती, आणि ती म्हातारी परसातल्या भिंतीवर चढत होती. एक पाय वर टाकला, बिस्मिल्ला म्हणाली, घोड्यावर बसावं तशी भिंतीवर बसली आणि पलीकडे उडी मारून दिसेनाशी झाली.

"सर," एमना हळूच म्हणाली, "ती भिंत माझ्या छातीएवढी आहे."

"मी तिला पायरीसुद्धा कठडा धरून चढायला सांगितलं होतं!" रशाद ओरडला. त्याला राग आला होता की आनंद झाला होता, त्याचं त्यालाच कळेना. "कोणत्या पायावर उतरली? बघितलंस? कोणत्या पायावर?"

"उजव्या."

"म्हणजे आपल्या गुडघ्यावर!"

आणि तो धावत सुटला. धावला म्हणजे काय, डावा पाय धावत होता आणि उजवा त्याला शिव्या देत मागून येत होता. भिंतीला वळसा घालून गल्लीत आले तर गल्लीत कोणी नाही. शेजारीण फट्टूमा तेवढी मातीच्या भट्टीत रोट्या लावत बसलेली.

"सलूहाबाई इकडे आल्या?"

"कोण, सलूहा?" फट्टूमानं छातीवर हात ठेवला. "अरे देवा, तुम्हाला कळलं नाही? गेली ती! चार वर्षं झाली. फार गुणी बाई. अल्ला तिला जन्नत देवो."

ती इतकं मनापासून म्हणाली की रशादला ते खरंच वाटलं. डोळ्यांनी आत्ता भिंतीवर बघितलेली बाई, तरी तो दगडावर मटकन बसला. कुणास ठाऊक, ती दुसरीच कोणी असेल! चौदा वर्षं ऑक्टोपस आणणारी ती बाई आपल्याला न सांगता गेली, आणि तिचा गुडघा कसा होता ते आता कधीच कळणार नाही. 

तेवढ्यात भट्टीमागे कोणीतरी सणसणीत शिंकलं.

"हे काय?" एमनानं विचारलं.

"बोकड," फट्टूमा म्हणाली.

"बोकड शिंकतो?"

"माझा शिंकतो."

"फट्टूमे!" बोकड खोकत म्हणाला, "धूर कमी कर की मेले, जीव घेतेस काय!" आणि भट्टीमागून लाल शाल बाणासारखी सुटली ती थेट समुद्राच्या दिशेनं.

मग जी धमाल उडाली ती काय सांगू! कॉफीच्या दुकानातल्या सहा म्हाताऱ्यांना एमनानं विचारलं, "बाई कुठे गेली?" तर सहा जणांनी सहा दिशा दाखवल्या, आणि एकानं वर आभाळाकडे बोट केलं. एका बाईनं मुद्दाम कपड्यांची दोरी आडवी बांधली. कोंबड्या उधळल्या. मबरूक मागून "डॉक्टर, जेवून जा, डॉक्टर, कुसकुस तयार आहे!" असा ओरडत येत होता, आणि रशाद त्या सगळ्यांतून लंगडत, धापा टाकत, घाम पुसत पळत होता आणि मोठमोठ्यानं नोंदी सांगत होता. "धावतेय! लंगडत नाही! एमना, लिहून घे, लंगडत नाही!"

"कशावर लिहू, सर? तुमचे फोटो आणि बूट आहेत माझ्या हातात."

कारण रशादनं बूट काढून फेकले होते. समोर समुद्र होता आणि सलूहा समुद्रात शिरली होती.

तिथला समुद्र म्हणजे ओहोटीला कोसभर आत जावं तरी गुडघ्यापर्यंत पाणी. शिवाय दिवस ऑक्टोबरचे, अर्धं गाव पाण्यात उभं होतं. याच दिवसांत माणसं खजुराच्या झावळ्या समुद्राच्या तळात एकीला एक लावून रोवतात, त्याचं लांबच लांब कुंपण होतं, आणि कुंपणाच्या कडेकडेनं येणारे मासे बिचारे शेवटी पिंजऱ्यात शिरतात. तिथे समुद्राचे तुकडेही शेतासारखे बापाकडून लेकाकडे जातात. आणि उन्हाळा लागला, मुदत भरली, की एकूण एक झावळी उपटायची. मुदतीपलीकडे रोवलेलं ठेवणं म्हणजे समुद्राची चोरी, असं तिथे पाळण्यातल्या लेकरालाही ठाऊक असतं. हे लक्षात ठेवा, कारण सगळा घोटाळा त्यातच आहे.

"मावशी, थांबा!" रशाद पाण्यातून ओरडला. "मी रशाद!"

"ठाऊक आहे!" चाळीस पावलांवरून उत्तर आलं. "म्हणून तर पळतेय!"

"पण का?"

सलूहा थांबली. वळली. घागरा दोन्ही मुठींत धरलेला, शाल खांद्यावरून घसरलेली, चेहरा लालबुंद. "नाही देणार!"

"काय नाही देणार?"

"गुडघा!"

रशादला वाटलं, आपल्याला ऊन लागलं. "कोण मागतंय तुमचा गुडघा?"

"तू! आणखी कोण? मला काय दूधखुळी समजतोस? याच तोंडानं म्हणाला होतास ना, 'मावशी, हा पंधरा वर्षं चालेल'? पंधरा झाली. वरची पाच मी चोरून वापरला, कबूल! अल्लानं विचारलं तर त्यालाही सांगीन. पण परत देणार नाही. उपटायचा तर आधी मला इथेच बुडव, मग खुशाल उपट!"

झावळ्या रोवणारे सगळे हात थांबले. कोणी हसलं नाही. आणि याचंच रशादला सगळ्यात नवल वाटलं, की अर्धं गाव पाण्यात उभं राहून त्याच्याकडे गंभीरपणे बघत होतं. एक पांढऱ्या दाढीचा कोळी झावळी बाजूला ठेवून पुढे आला.

"डॉक्टर, तुमचंही बरोबर आहे. मुदत ती मुदत," तो समजुतीनं म्हणाला. "सरकारनं दिलेली वस्तू, आम्ही नाही कुठं म्हणतो? पण म्हातारं माणूस आहे. निदान यंदाचा मोसम तरी संपू द्या."

"मी म्हटलं होतं आईला, बदल्यात माझा घ्या म्हणू," मबरूक मागून पुटपुटला. त्याचे डोळे भरले होते.

रशाद हसायला लागला. हसता हसता त्याला ठसका लागला, आणि ठसक्यातून बाहेर आला तेव्हा हसू कुठच्या कुठे गेलं होतं. पाच वर्षं! ही बाई पाच वर्षं दारावर थाप पडली की भिंतीवरून उड्या मारत होती, आणि ते कोणामुळे? आपल्या एका वाक्यामुळे.

"मावशी, ऐका," तो म्हणाला. "ती मुदत नव्हती. पंधरा म्हणालो, कारण त्याच्यापुढचं मला ठाऊक नव्हतं. कोणालाच नव्हतं. ती माझ्या अकलेची हद्द होती हो, तुमच्या गुडघ्याची नव्हे."

"म्हणजे उपटत नाहीत?"

"नाही."

"कधीच नाही?"

"सैल झाला तरच. हाडानं धरला असेल तर तो तुमचा. तुमच्याबरोबर कबरीत जाईल."

"धरला असेल तर?" म्हातारीचे कान तिखट. "म्हणजे तुला माहीत नाही?"

"नाही," रशाद म्हणाला. एवढ्या लोकांसमोर हे बोलताना त्याला रडूच यायचं बाकी होतं. "तेच तर बघायला आलोय. वीस वर्षं झोप नाही मला, मावशी."

सलूहानं घागऱ्याची एक मूठ सोडली. "लावलास कसा होतास? चिकटवून का ठोकून?"

"ठोकून."

"नुसता ठोकून? मग पहिले चाळीस दिवस हलला नाही ना?"

"नाही. पहिली दोन वर्षं मोजला होता मी, केसभरसुद्धा नाही."

"मग रडतोस काय बायल्या? झावळी हलायची ती पहिल्या चाळीस दिवसांत हलते. एकदा गाळानं धरली की वादळ येऊ दे, ती हलायची नाही. इथलं शेंबडं पोर सांगेल!"

 मोठमोठ्या देशांत शहाण्या माणसांनी तीस-तीस वर्षं केसाच्या जाडीएवढी हालचाल मोजून जे शोधून काढलं होतं, ते हेच. सुरुवातीला सरकला नाही तो पुढेही सहसा सरकत नाही. ती पुस्तकं वाचायला रशादची अर्धी हयात गेली होती, आणि ही बाई चिखलात उभी राहून त्याला बायल्या म्हणत होती! त्याला इतका आनंद झाला की तिला मिठी मारायला तो तरातरा पुढे निघाला.

डावा पाय गेला. उजवा गाळात पोटरीपर्यंत रुतला तो रुतलाच. गुडघ्यानं करकर असा आवाज केला, नंतर काहीच केलं नाही, आणि डॉक्टर रशाद घोर्बेल सगळ्या गावादेखत बदकन पाण्यात बसला, मग आडवा झाला, मग दिसेनासा झाला.

चाळीस पावलं त्या म्हातारीनं किती वेळात तोडली ते एमनानं किनाऱ्यावरून बघितलं. ती पुढे शपथेवर सांगायची, पाणी दोन्ही बाजूंना उडत होतं. सलूहा आली ती चिखलात गुडघे टेकूनच बसली आणि डॉक्टरच्या बगलेत हात घालून त्याला वर ओढलं.

रशादचं डोकं बाहेर आलं. नाकातोंडातून पाणी. पहिला शब्द काय बोलावा? "मावशी, गुडघ्यावर बसू नका! मनाई केली होती मी!"

"गप मेल्या, बुडतोयस तू!"

"वीस वर्षं असंच बसता?"

"मग नमाज काय तू पढणार माझ्याऐवजी? वीस वर्षं, पाच वेळा, जमिनीवर. पाय इकडे कर." तिनं गाळात हात घालून त्याचा पाय सोडवला आणि गुडघ्यावर पंजा ठेवून तो वाकवून बघितला. करकर. पुन्हा वाकवला. करकर. तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

"अरे लेका," ती म्हणाली, "हा तर पार कुजलाय."

"तीन वर्षं," एमना किनाऱ्यावरून ओरडली. आणि बूट हातात घेऊन तीही पाण्यात उतरली. "तीन वर्षं सांगतेय मी, बदलून घ्या म्हणून! ऐकत नाहीत! म्हणे परिषद होऊन जाऊ दे!"

"वा रे वा!" सलूहा कंबरेवर हात ठेवून गाववाल्यांकडे वळली. "लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! इतक्या जणांचे गुडघे कापले, आणि स्वतःची वेळ आली तर परिषद? काय रे, आमच्यात ठोकताना हात नाही थरथरला?"

"थरथरला होता," रशाद म्हणाला. पाणी त्याच्या छातीपर्यंत होतं आणि आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. "तुमच्याच वेळी. आणि आता भीती वाटते, मावशी. मला फार भीती वाटते."

 सलूहानं शालीच्या टोकानं त्याचं तोंड पुसलं, लेकराचं पुसावं तसं, जरा जोरातच.

"बरं," ती म्हणाली. "चल, काढ माझा फोटो. पण एका बोलीवर. माझा शाबूत निघाला, तर तुझा ही पोरगी बसवणार. वेळ सांगायची नाही, सबब सांगायची नाही. आणि माझा सैल निघाला..."

"तर?"

"तर दोघं मिळून फ्रान्सला जाऊ. लिबियामार्गे."

बेटावरच्या लहानशा दवाखान्यात, ओल्या घागऱ्यासकट, सलूहा टेबलावर आडवी झाली. बाहेर निम्मं गाव. भिजलेला रशाद मबरूकची विजार घालून, ती दोन्ही हातांनी धरून, पडद्यापुढे उभा. ती विजार त्याच्यासारखे तिघे मावतील एवढी होती. फोटो आला. एमनानं शेजारी वीस वर्षांपूर्वीचा जुना लावला. रशादनं चष्मा पुसला. परत पुसला.

"तुम्ही बघताय का मी बघू?" एमना म्हणाली.

त्यानं बघितलं. वरच्या कडेपासून सुरुवात केली, मग आतली बाजू, मग खालच्या धातूच्या पट्टीचे हाडात गेलेले चारही खुंट, एकेकाभोवती बोट फिरवत. काळी रेघ शोधत होता तो. वीस वर्षं स्वप्नात दिसलेली रेघ. हाड येऊन धातूला भिडलं होतं आणि भिडलेलंच होतं, मधे सुईचं टोक शिरेल एवढीही फट नव्हती. त्या भुसभुशीत, पावासारख्या हाडानं धातू असा धरला होता की कुठे एक संपतं नि दुसरं सुरू होतं, तेच समजेना.

"नाही," तो म्हणाला. "रेघ नाही. एमना, रेघच नाही!"

आणि त्यानं हात वर केले. विजार खाली गेली, ती मबरूकनं वरच्यावर झेलली. रशाद एका पायावर नाचायला लागला, बाहेर कोणीतरी ढोल आणला, बायकांनी जिभा नाचवून असा घोष केला की दवाखान्याच्या काचा वाजल्या, आणि पांढऱ्या दाढीचा कोळी दरएकाला सांगत सुटला, "मुदत नाहीच! आमच्या सलूहाला मुदतच नाही!" रशादनं तो फोटो छातीशी धरला आणि खुशाल, सगळ्यांसमोर रडला.

"नाचून झालं?" सलूहा टेबलावरून उतरत म्हणाली. "आता तुझी पाळी."

"गुरुवारी परिषद..."

"सोमवारी टेबल रिकामं आहे," एमना म्हणाली.

गुरुवारी ट्यूनिसमध्ये त्यानं सांगितलं, एक्केचाळीसपैकी एक्केचाळीस सापडले. पहिल्या रांगेत त्याला पहिल्यांदा सुतार म्हणणारे म्हातारे डॉक्टर बसले होते. ते उठले, काठी बगलेत धरून टाळ्या वाजवल्या आणि म्हणाले, "सुतारा, शेवटची बाई सापडली कशी?" रशाद म्हणाला, "समुद्रात." लोकांना तो विनोद वाटला.

सोमवारी तो टेबलावर पडला. कंबरेखाली बधिर, वर जागा. मधे हिरवा पडदा. पलीकडून करवतीचा आवाज आला, मग थोडी शांतता झाली, आणि ती शांतता त्याला चांगली ओळखीची होती. हाड उघडं पडलं की सर्जन ज्या शांततेत बघतो, ती.

"सर," पडद्यावरून एमनाचे डोळे दिसले. "हाड सदुसष्ट वर्षांचं आहे. फारसं काही खास नाही. सिमेंट तयार आहे. काय करू?"

 दुसऱ्याच्या हाडाबद्दल 'नको' म्हणणं वेगळं. रशादला वाटी आठवली, वाटीत दगड झालेलं सिमेंट आठवलं. मग भिंतीवरची लाल शाल आठवली.

"नको," तो म्हणाला. "ठोक."

आणि मग हातोडीचे ठोके आले, एकेक, त्याच्या दातांपर्यंत. तो मोजत राहिला.

बरोबर चाळिसाव्या दिवशी सलूहा बोटीनं स्फाक्सला आली. रशादच्या घरात शिरली, ऑक्टोपस बायकोच्या हातात दिला, एमनाला "सरक गं" म्हणाली, आणि खुर्चीत बसलेल्या रशादची नडगी दोन्ही मुठींत धरून झावळी हलवून बघतात तशी गदागदा हलवली. रशाद किंचाळला. तिनं कान जवळ नेला. पुन्हा हलवली.

"धरलंय," ती म्हणाली आणि हात झटकले.

रशादनं सुटकेचा श्वास टाकला. आणि मग, हयातभर हजारो लोकांनी त्याला विचारलेला आणि त्यानं हसून टोलवलेला प्रश्न त्याच्याच तोंडून, अगदी बारीक आवाजात बाहेर पडला. "एमना, किती वर्षं टिकेल गं हा?"

एमनानं चेहरा गंभीर केला. "पंधरा."

 सदुसष्ट आणि पंधरा. तो मनातल्या मनात बेरीज करतोय हे सलूहाला दिसलं. तिनं त्याच्या पाठीत धपाटा घातला.

"घाबरू नकोस," ती म्हणाली. "पंधरा झाली की सरळ माझ्याकडे पळून ये. फट्टूमाच्या भट्टीमागे दोघांना जागा आहे."